लागलं तर असावं

प्रत्येक घराण्याचं एक कुलदैवत असतं. कुणाचा खंडोबा, कुणाची अंबाबाई, कुणाचा रवळनाथ. पण मराठी मध्यमवर्गीय माणूस प्रवासाला निघाला की ही सगळी दैवतं देव्हाऱ्यात राहतात आणि घरात एका निराळ्याच दैवताचा संचार सुरू होतो. त्या दैवताचं नाव 'लागलं तर असावं'.

आमच्या घरात या दैवताचा पुजारी मी. लोणावळ्याला एक दिवस जायचं असलं तरी माझ्या पिशवीत सुतळीचा तोडा असतो. सुतळी आजवर लागलेली नाही. पण म्हणून काय झालं? विमा उतरवलेला माणूस वर्षअखेरीला 'यंदा मेलो नाही, पैसे फुकट गेले' असं म्हणतो काय? टॉर्च असतो. टॉर्च बंद पडला तर मेणबत्ती असते. मेणबत्तीसाठी काडेपेटी असते. आता काडेपेटी विमानाच्या सामानात चालत नाही हे मला ऐन वेळी कळलं, त्यामुळे मी काडेपेटी काढली. पण मेणबत्ती काढायची राहिली. अशा रीतीने, पेटवायला जवळ काहीही नसलेली मेणबत्ती घेऊन परदेशी गेलेला मी बहुधा पहिलाच गृहस्थ असेन.

यात माझा दोष नाही, शिक्षणाचा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. आमच्या शास्त्रात सावधगिरीचं एक तत्त्व आहे. फायदा पदरात पडेपर्यंत तो हिशेबात धरायचा नाही, पण तोट्याची नुसती शंका आली तरी तरतूद करून ठेवायची. वीस-बावीस वर्षं हे तत्त्व रोज दहा ते पाच राबवल्यावर माणसाचा स्वभावच तसा होतो. 'पाऊस पडणार नाही' हा फायदा; तो धरायचा नाही. 'पडेल' हा तोटा, त्याची छत्री. 'छत्री हरवेल' हा संभाव्य तोटा. त्याची दुसरी छत्री.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही श्रीलंकेला गेलो. आम्ही म्हणजे मी, आमची ही, बारा वर्षांची कन्या आणि मेहुणा. चिरंजीव कॉलेजच्या परीक्षेमुळे घरी राहिले आणि चिरंजीवांना वेळेवर खायला घालायला आई राहिली.

लंका हा देश या दैवताला फारच मानवतो. नकाशात बघाल तर एवढासा थेंब. क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा. पण या थेंबाला पावसाळे दोन! मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गाल आणि डोंगराच्या पश्चिम उताराला झोडपतात. तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीत कडक ऊन. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे आले की पाळी उलट. मध्येच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कुणाचीच पाळी नसते म्हणून सगळीकडे पडतो. बरं, किनाऱ्यावर घामाच्या धारा, तर मध्यभागी नुवारा एलिया हे गाव १,८६८ मीटर उंचीवर, आपल्या महाबळेश्वरपेक्षा कितीतरी वर. तिथे फेब्रुवारीतल्या रात्री स्वेटरशिवाय दात वाजतात. त्यातून देवळं! अनुराधपूर, कँडी इथे गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, चपला बाहेर. म्हणजे एका आठवड्यात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि धर्म, सगळ्यांची सोय करायची!

मी यादी केली. यादी कसली, खातेवहीच ती. कपडे, कागदपत्रं, खाद्यपदार्थ, औषधं, किरकोळ, अति-किरकोळ असे मुख्य भाग. प्रत्येक नोंदीला क्रमांक. समोर 'आणले', 'भरले', 'तपासले' अशा तीन खुणांची सोय. एकूण नोंदी ११४. यादी मी केली आणि भरण्याचं काम हिने. बँकेतही हीच पद्धत आहे. सही करणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा. मग वजन. बॅग हातात घेऊन मी काट्यावर उभा राहिलो, त्यातून माझं वजन वजा केलं. विमानात माणशी वीस किलो चालणार होतं. आमच्या बॅगा अनुक्रमे १९.८, १९.९ आणि १९.७ भरल्या. इतका समाधानकारक ताळेबंद मी बँकेतही कधी पाहिला नव्हता.

आई म्हणाली, "सुकं खोबरं घातलेली चटणी दिलीय हो. तिकडे नारळ मिळाला न मिळाला."

मेहुणा विमानतळावर एक खांद्यावरची झोळी घेऊन आला. आत काय, तर दोन सदरे, एक चड्डी आणि एक पुस्तक. माझ्या तीन बॅगांकडे बघून तो कीर्तनकारासारखा हसला.

"भावोजी, माणूस येताना काय घेऊन येतो आणि जाताना काय घेऊन जातो?"

मी म्हटलं, "येताना टूथपेस्ट आणत नाही हे खरं. पण तेव्हा त्याला दातही नसतात."

हा विरक्त पुरुष पहिल्याच संध्याकाळी टॉवेल मागायला आला. मग टूथपेस्ट. मग चार्जर. मग चार्जरला लागणारी चौकोनी पिन. कारण तिकडे जुन्या इमारतींत आपल्यासारखी गोल भोकं आणि नव्या इमारतींत विलायती चौकोनी. ही पिन माझ्या यादीत क्रमांक ८७ ला होती. मी ती त्याला दिली, पण देताना जरा खाकरून दिली. कमी सामानाचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्या बऱ्याच लोकांचं सामान दुसऱ्याच्या बॅगेत असतं, असं माझं तेव्हापासून मत आहे.

मात्र माझंही काही बरं चाललं नव्हतं. ज्याच्या-ज्याच्या भीतीने मी वस्तू नेल्या होत्या ते-ते त्या देशात हसतमुखाने समोर येत होतं. खायला मिळेल की नाही म्हणून बिस्किटांचे बारा पुडे नेले. तर सकाळी सहाला खिडकीखालून बीथोवेनची धून वाजवत एक रिक्षा आली. बघतो तर पाव विकणारी. तिकडे पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव काय, त्यांचा पान काय, दोन्ही पोर्तुगीजांनीच मागे ठेवलेले. रात्री जेवण झाल्यावर मेहुण्याने ऐटीत 'पान' मागितलं तेव्हा त्याच्यापुढे अर्धा पाव येऊन पडला होता, त्याचा उलगडा तेव्हा झाला. न्याहारीला तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, आपल्या कोकणातल्या शिरवळ्यांच्या सख्ख्या बहिणी. आणि नारळ! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ, भाजीत नारळ, आमटीत नारळ, चटणीत नारळ. आईची खोबऱ्याची चटणी मी बॅगेच्या तळाशी आणखी खोल सरकवली. काशीला गंगाजल घेऊन जाणाऱ्याला कसं वाटत असेल ते मला समजलं.

भाषेची भीती होती, म्हणून तीस वाक्यांचा कागद नेला होता. तर दुकानदार आकडे मोजतो ते असे: एक, देक, तुन, हतर... आणि शेवटी अट, नवय, दहय. आठ, नऊ, दहा! मला वाटलं, आमच्याच कॅश काउंटरवर कुणीतरी सर्दी झालेला मोजतोय.

आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, हसरा माणूस होता. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण एकाच शाळेतलं, त्यामुळे आमचं जमलं. तो रोज सकाळी तीन बॅगा व्हॅनमध्ये चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा. मी "फार जड आहेत हो" म्हटलं की "नो प्रॉब्लेम, सर." दुसऱ्या दिवशी अनुराधपूरला, भर दुपारी तापलेल्या फरसबंदीवरून अनवाणी उड्या मारत आम्ही स्तूपाला प्रदक्षिणा घालून परत आलो (पायमोजे आहेत, ही गोष्ट मला प्रदक्षिणेनंतर आठवली), तेव्हा तो व्हॅनच्या मागे उभा राहून कमरेला बाम चोळत होता. मला बघितल्यावर त्याने बाटली खिशात टाकली.

'लागलं तर असावं' म्हणून मी सगळं आणलं होतं. आणि लागलं होतं खरं. पण त्याच्या कमरेला.

तरीही मी काही बोललो नाही. मनाशी म्हटलं, पैसे देतोय ना आपण.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिगिरिया. सपाट रानातून एकदम उठलेला सुमारे १८० मीटर उंचीचा एकच एक कातळ, आणि त्याच्या माथ्यावर राजवाडा. चढायला सुमारे १,२०० पायऱ्या. ही कथा त्यांच्या 'चूलवंस' नावाच्या जुन्या ग्रंथात आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात धातुसेन नावाचा राजा होता. त्याने कालावेवा हा प्रचंड तलाव बांधला. त्याच्या एका मुलाने, कश्यपाने, त्याला कैदेत टाकलं आणि विचारलं, खजिना कुठे पुरलायस ते सांग. म्हातारा म्हणाला, दाखवतो, मला तलावावर घेऊन चला. तिथे त्याने स्नान केलं आणि तलावाकडे बोट दाखवून सांगितलं की माझी सगळी दौलत ती एवढीच. कश्यपाने बापाला ठार केलं. खरा वारस मोग्गलान भारतात पळून गेला. आणि तो परत आला तर काय, या धास्तीने कश्यपाने राजधानी उचलून या कातळावर नेली. खंदक, तटबंदी, बागा, पाण्याची टाकी, सिंहाच्या जबड्यातून जाणारा जिना, सगळी तरतूद. ४७७ ते ४९५, अठरा वर्षं.

कन्या ऐकून म्हणाली, "बाबा, हा तुमच्यासारखाच!"

मी रागावणार होतो, पण दम नव्हता. माझ्या पाठीवर 'दिवसभराची छोटी पिशवी' होती. तिच्यात तीन छत्र्या, टॉर्च, मेणबत्ती, सुतळी, पाण्याच्या चार बाटल्या, बिस्किटं, पंचा, शिट्टी, दोन स्वेटर (माथ्यावर गार वारा सुटला तर!) आणि औषधांची पेटी. मेहुणा मोकळ्या हाताने शीळ घालत पुढे.

वरच्या टप्प्यावर एक सपाटी लागते. तिथे सिंहाचे दोन विटांचे पंजे आहेत. बाकीचा सिंह काळाने नेला. त्या पंजांशी पोचलो आणि ही म्हणाली, "अहो, मी जरा बसते." आणि बसली नाही, खालीच कलंडली.

चेहरा पांढरा, कपाळावर घाम, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. मी "अगं, काय होतंय?" असं म्हटलं आणि पिशवीवर झडप घातली. पहिल्यांदा सुतळी निघाली. मग शिट्टी. मग मेणबत्ती. ऊन तिच्या तोंडावर येत होतं आणि माझ्या तिन्ही छत्र्या तळाशी, स्वेटरांच्या खाली. औषधांची पेटी उघडली. त्यात माझ्या पित्ताच्या गोळ्या, कन्येच्या गाडी लागण्याच्या, मेहुण्याच्या सर्दीच्या, जुलाबाच्या, तापाच्या, विंचू चावला तर लावायचं मलमसुद्धा. सगळं होतं. काय शोधायचं तेच मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची एक सहल तिथे पोचली. त्यांच्या बाई, साडीतल्या, हिच्याच वयाच्या, पटकन पुढे आल्या, खाली बसल्या, हिचं डोकं मांडीवर घेतलं. एका मुलीने आपली छत्री उघडून धरली, दुसरी वहीने वारा घालू लागली. बाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. काहीतरी म्हणाल्या, त्यातला एकही शब्द माझ्या तीस वाक्यांत नव्हता आणि त्यातला एकही शब्द मला कळायचा राहिला नाही.

पाच मिनिटांनी ही जरा सावरली. मग हळूच म्हणाली, "माझ्या प्रेशरच्या गोळ्या घरी राहिल्या. फ्रीजवर."

"कधी कळलं?"

"पहिल्याच रात्री."

खाली उतरताना मेहुण्याने एका बाजूने धरलं. त्याचे हात मोकळे होते. माझ्या हातात पिशवी होती. कन्येने फोन केला म्हणून ड्रायव्हर निम्म्या वाटेवर चढून आला होता, कमरेचं दुखणं घेऊन. त्याने दुसऱ्या बाजूने धरलं. तीन दिवस 'मॅडम, मॅडम' करणारा तो माणूस सारखं म्हणत होता, "अक्का, हळू. अक्का, हळू." 'हळू' हा शब्द त्याने आमच्याकडूनच उचलला होता. पण 'अक्का' त्याचा स्वतःचा. त्यांच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात.

जवळच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी प्रेशर बघितलं. १७० वर १०५. गोळीचं नाव विचारलं. आणि इथे एक चमत्कार झाला. जी बाई माझ्या, आईच्या, मुलांच्या, एवढंच काय, मेहुण्याच्याही गोळ्यांची नावं झोपेत सांगेल, तिला स्वतःच्या गोळीचं नाव येईना. "पांढरी असते. छोटी." चिरंजीवांना फोन केला, त्याने फ्रीजवरच्या पट्टीचा फोटो पाठवला. "आजीला सांगू नकोस, काळजी करत बसेल," ही त्याला बजावून म्हणाली. डॉक्टरांनी त्याच औषधाची तिकडची गोळी दिली आणि दोन दिवस आराम सांगितला. इथून पुढे घाबरण्यासारखं काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. घाबरायला मात्र मला तिथूनच सुरुवात झाली.

बाहेर बाकावर ड्रायव्हर शेजारी येऊन बसला. म्हणाला, २०२२ साली आमच्याकडे पैसा संपला, तेव्हा पेट्रोलला रांग, गॅसला रांग, आणि औषधं दुकानात नाहीत. माझ्या आईची अशीच गोळी. सगळं गाव हिंडलो. शेवटी शेजारच्या म्हातारीने तिच्याकडची अर्धी पट्टी कापून दिली. तिलाही तीच लागत होती.

एवढंच सांगून तो व्हॅन सावलीत लावायला गेला.

मी खिशातून यादी काढली. ११४ नोंदी, प्रत्येकीपुढे तीन-तीन खुणा. औषधं, क्रमांक ५२ ते ६९. माझं नाव, कन्येचं नाव, मेहुण्याचं नाव. हिचं नाव नव्हतंच. राहिलं नव्हतं, कधी लिहिलंच नव्हतं.

बी. कॉम.च्या पहिल्याच वर्षाला आम्हाला शिकवलं होतं की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असं समजू नका. रक्कम एका बाजूला चुकली तर तेरीज ओरडते. पण एखादा व्यवहार मुळातच लिहायचा राहून गेला, तर दोन्ही बाजूंनी तो नाहीच. तेरीज गोड जुळते आणि चूक वर्षानुवर्षं सापडत नाही. परीक्षेत हा प्रश्न मला पाच मार्कांना आला होता आणि मी तो बरोबर लिहिला होता. नंतर संसार केला वीस वर्षं, तो मात्र जुळलेल्या तेरजेवर.

रात्री मी तिला विचारलं, "पहिल्या रात्रीच कळलं, तर सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही यादीत बघितलं असतं. आणि यादीत तर नव्हतं." मग थोड्या वेळाने, "आणि सगळ्यांची मजा गेली असती."

वाचकहो, सामान भरणं हा नीतीचा प्रश्न आहे असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वजनाचा काटा दाखवला असता. पण त्या रात्री झोप येईना तेव्हा कश्यप आठवला. त्या राजाचं पुढे काय झालं ठाऊक आहे? अठरा वर्षांनी मोग्गलान खरोखरच सैन्य घेऊन आला. आणि ज्या दिवसासाठी एवढा कातळ पोखरला, त्या दिवशी कश्यप वर थांबलाच नाही. खाली मैदानात उतरून लढला. चिखल टाळायला त्याचा हत्ती जरा वळला, सैन्याला वाटलं राजा पळाला, सैन्यच पळालं. आणि राजाने स्वतःच आपला शेवट करून घेतला. एवढी तरतूद केलेल्या माणसाला ऐन वेळी कमी पडली ती एकच गोष्ट: त्याच्यासाठी थांबणारं माणूस.

मी माझी पिशवी पलंगावर ओतली आणि तीन ढीग केले.

पहिला ढीग, जे माझ्यावाचून मला कुणीच देऊ शकणार नाही त्याचा. चष्मा, पासपोर्ट आणि ज्याच्या-त्याच्या नावाच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. हा ढीग मूठभर झाला. तो मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवायचा, कारण बॅग हरवते, हात सहसा हरवत नाही.

दुसरा ढीग, ज्या गावाला जायचं त्याचा मान राखण्यापुरता. देवळासाठी अंगभर सुती कपडा, जमल्यास पांढरा, तापलेल्या दगडासाठी पायमोजे, डोंगरासाठी माणशी एक स्वेटर, एक छत्री. ही काही शंकेची तरतूद नव्हे. पाहुणा म्हणून जाताना माहिती करून घेऊन जावं, एवढाच त्याचा अर्थ. मेहुण्यासारखं चड्डीवर जाऊन 'अहो, मी विरक्त आहे' म्हणून चालत नाही. कँडीच्या दंतमंदिराच्या दाराशी त्याला अडवलंच, आणि शेवटी माझी लुंगी नेसून तो आत गेला. वस्तू न नेणं हा गुण खरा, पण ती दुसऱ्याच्या पाठीवरून येणार नसेल तरच.

तिसरा ढीग पलंगावर मावेना. त्यात सुतळी होती, शिट्टी होती, बिस्किटं होती, दोन जादा छत्र्या होत्या. मी त्या ढिगाकडे बराच वेळ बघत बसलो. यातलं काय न मिळण्यासारखं होतं? सगळं तर मिळतं. दुकानात मिळतं, नाहीतर शेजारच्या माणसाकडे मिळतं. मग मी हे का आणलं? तर कुणापुढे 'जरा देता का?' असं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. तो ढीग वस्तूंचा नव्हता. समोरचा देणार नाही, या माझ्या खात्रीचा होता. आणि माझ्या त्या खात्रीचं वजन रोज सकाळ-संध्याकाळ एक पन्नाशीचा माणूस उचलत होता, ज्याच्या आईला शेजारणीने अर्धी पट्टी कापून दिली होती.

सकाळी त्यातलं बरंचसं मी त्याला देऊ केलं. आपल्याला नकोशी झालेली वस्तू दान करताना आपल्याला फार उदार वाटतं. तसं मलाही वाटू लागलं होतं. त्याने एक छत्री घेतली, बिस्किटं पोरांसाठी घेतली. मेणबत्ती हातात धरून मात्र तो मोठ्याने हसला. म्हणाला, "सर, २०२२ च्या मार्चमध्ये हवी होती. दिवसाला १३ तासांपर्यंत वीज जायची." आणि मेणबत्ती ठेवून घेतली. त्याच्याकडे काडेपेटी होती.

पुढे नुवारा एलियाहून आम्ही हॉर्टनच्या पठारावर गेलो. तिथे फाटकाशी पहारेकरी प्रत्येकाची पिशवी उघडून प्लास्टिक काढून घेतात, बिस्किटाचं वेष्टणसुद्धा. चार दिवसांपूर्वीचा मी असतो तर पिशवीत पिशवी, त्यात पिशवी असं करत पहारेकऱ्याची दुपार झाली असती. त्याने माझी कापडी पिशवी उघडली. आत एक बाटली, दोन स्वेटर आणि गोळ्यांची एक पट्टी. त्याने मान हलवली, मी आत. इतक्या झटपट आमच्या बँकेतसुद्धा कुणाचं काम होत नाही. पठारावरून आम्ही हळूहळू चाललो. वाटेत दोनदा ही बसली, दोनदा मीही बसलो. माझे हात मोकळे होते.

परत आलो. दार उघडल्या-उघडल्या आईने चटणीचा डबा ओळखला, उघडलेलाच नव्हता. ती काही बोलली नाही. रात्री जेवताना मात्र हिला म्हणाली, "अगं, तुझ्या त्या प्रेशरच्या गोळ्या फ्रीजवर होत्या हो सगळे दिवस. तुम्ही गेलात त्याच दिवशी बघितल्या मी."

"मग फोन नाही केलात?" मी विचारलं.

"कशाला?" आई म्हणाली. "मी म्हटलं, नेल्या असतील तिने बरोबर. या इथे ठेवल्या असतील, लागलं तर असाव्यात म्हणून."